माळरानावरील १६० एकर

जी जमीन पूर्वी कधीही नांगराखाली आलेली नाही, तिच्यावर घर बांधून, विहीर खणून, कुंपण घालून ती वहितीस आणणे हे काम कोणत्याही देशात कष्टाचेच असते. सरकारने जमीन फुकट दिली की निम्मे काम झाले, असा समज मात्र सर्वत्र आढळतो. हा समज कितपत खरा आहे हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६२ साली झालेल्या होमस्टेड कायद्याची हकीगत अभ्यासण्याजोगी आहे. या कायद्याखाली पुढील सव्वाशे वर्षांत सुमारे १६ लाख सनदा देण्यात आल्या आणि सुमारे २७ कोटी एकर जमीन, म्हणजे त्या देशाच्या एकूण क्षेत्राचा जवळजवळ दहावा हिस्सा, कसणाऱ्यांच्या मालकीची झाली. अर्ज करणारे याहून पुष्कळच अधिक होते. त्यांपैकी लाखो लोक मुदत पुरी होण्याआधीच जमीन सोडून निघून गेले. जे टिकले ते का टिकले आणि जे गेले ते का गेले, याचे उत्तर त्यांच्या कष्टाळूपणात जेवढे सापडते, त्याहून अधिक त्या त्या भागातील पाऊस, माती, गवत, लाकूड आणि पाणी यांत सापडते. कायदा सर्वत्र एकच होता. मुलूख मात्र एक नव्हता.

कायदा व मोजणी

होमस्टेड म्हणजे राहते घर आणि त्याभोवतीची कसण्याची जमीन. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी या कायद्यावर सही केली व १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. जो कुटुंबप्रमुख आहे किंवा ज्याचे वय २१ वर्षांचे आहे, जो त्या देशाचा नागरिक आहे किंवा नागरिक होण्याचा इरादा ज्याने रीतसर जाहीर केला आहे, आणि ज्याने सरकारविरुद्ध शस्त्र धरलेले नाही, अशा कोणासही १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येत असे. अविवाहित व विधवा स्त्रियांनाही हा हक्क होता, आणि अशा अनेक स्त्रियांनी तो बजावला. अट अशी की, अर्जदाराने त्या जमिनीवर पाच वर्षे प्रत्यक्ष राहावे, घर बांधावे व जमीन कसावी. त्यानंतर मालकीची सनद मिळे. सर्व मिळून सरकारी फी सुमारे १८ डॉलर पडे.

अठरा डॉलर हा आकडा ऐकून युरोपातील भूमिहीन मनुष्य जहाजात बसला यात नवल नाही. परंतु बैलजोडी, नांगर, गाडी, बियाणे, चूल, विहिरीचे खोदकाम आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे अन्न यांस काही शे डॉलर लागत. फुकटच्या जमिनीस भांडवल लागते, ही गोष्ट रेल्वे कंपन्यांनी निरनिराळ्या भाषांत छापलेल्या जाहिरातींत क्वचितच असे.

जमिनीची आखणी १७८५ च्या मोजणी कायद्यानुसार झालेली होती. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन. त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकरांचा. आणि त्याचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर. ओढा कोठून वाहतो, टेकडी कोठे आहे, पाणी किती खोल आहे याचा विचार या सरळ रेषांत नव्हता. एकाच्या चौकोनात झऱ्याची दरी येई, तर शेजाऱ्याच्या चौकोनात नुसता उघडा माळ.

ही जमीन ‘मोकळी’ होती असे कागदोपत्री म्हटले जाई. ते खरे नव्हे. पॉनी, ओमाहा, लाकोटा, शायान इत्यादी लोक तेथे पिढ्यानपिढ्या राहत, मका पिकवीत व रानगव्यांची शिकार करीत. तहांनी व सक्तीने त्यांच्या जमिनी काढून घेतल्यावरच त्या वाटपास मोकळ्या झाल्या; नेब्रास्कातील पॉनी लोकांना तर १८७० च्या दशकात आपला मुलूख सोडून दक्षिणेस जावे लागले. कोणत्या ओढ्यास वर्षभर पाणी असते, कोणत्या पूरभूमीवर मका येतो आणि कोणता माळ केवळ चराईचा आहे, हे ज्यांना ठाऊक होते ते लोकच निघून गेले. नव्या वसाहतकऱ्यांना ते सर्व पुन्हा, आणि बहुधा नुकसान सोसून, शिकावे लागले.

लाकडाचा मुलूख, गवताचा मुलूख

मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांच्या जंगलपट्ट्यात ज्यांना जमीन मिळाली, त्यांचा पहिला शत्रू म्हणजे झाड. झाडे तोडावयाची, ओंडके एकमेकांत अडकवून घर उभारावयाचे, फाटे जाळून टाकावयाचे आणि बुंध्यांच्या मधून जमेल तसा नांगर चालवावयाचा, असा क्रम असे. वर्षाकाठी काही थोडे एकरच मोकळे होत. परंतु तेथे घरास लाकूड, चुलीस लाकूड आणि कुंपणासही लाकूड होते. पाणी फारसे खोल नव्हते. मॅपल झाडाच्या रसापासून साखर होई. हीच पद्धत पूर्वेकडील लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. शेतकरी म्हणजे कुऱ्हाड चालविणारा मनुष्य, ही त्यांची समजूत.

तोच मनुष्य मिसुरी नदी ओलांडून नेब्रास्का, कॅन्सस किंवा डाकोटाच्या माळावर आला म्हणजे त्याची कुऱ्हाड निरुपयोगी ठरे. ओढ्याकाठची थोडी झाडे आधी आलेल्यांनी तोडून नेलेली असत. पुढे क्षितिजापर्यंत गवत. या गवताच्या मुळ्या शतकानुशतके एकमेकांत गुंतून वरच्या थराची जणू घट्ट सतरंजी झालेली होती. ज्याने हरळीने भरलेले रान मोडले आहे, त्या शेतकऱ्यास या कामाची थोडीबहुत कल्पना येईल. लाकडी किंवा ओतीव लोखंडी फाळास येथील माती चिकटून बसे. जॉन डियर नावाच्या लोहाराने १८३७ साली इलिनॉय राज्यात गुळगुळीत पोलादी नांगर बनविल्यावर हे काम सुलभ झाले. तरीही पहिल्या नांगरटीस बैलांच्या अनेक जोड्या लागत. पहिल्या वर्षी उलटलेल्या तासात कुऱ्हाडीने खाच पाडून तीत मक्याचे दाणे टाकीत. गवत कुजून जमीन भुसभुशीत होण्यास आणखी एखादे वर्ष जाई.

लाकूड नाही, तर घर कशाचे? ज्या थराने नांगर अडविला, त्याच थराचे. गवताच्या मुळ्यांसह मातीचे सुमारे फूटभर रुंद व चार इंच जाड पट्टे नांगराने कापून काढीत, त्यांच्या तीन-तीन फुटी लाद्या पाडीत आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांप्रमाणे थर रचीत. भिंती दोन ते तीन फूट जाड होत. एका लहान घरास अर्धा ते एक एकरावरील थर लागे. लाकूड लागे ते फक्त दार, खिडकी व आढ्यापुरते. ही घरे उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार असत. मराठवाड्यातील किंवा सोलापूरकडील जाड भिंतींच्या धाब्याच्या घरात राहिलेल्या माणसास हे निराळे सांगावयास नको. दोष एवढाच की छप्पर गळे. बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला दिवसभर चाले. किडे, उंदीर आणि प्रसंगी सापही छतातून खाली पडत, म्हणून गृहिणी आढ्याखाली कापड ताणून बांधीत. ज्यांना एवढेही साधत नसे, ते टेकडीच्या उतारात खोदून पुढे एक भिंत घालीत व त्या खोल्यांत पहिला हिवाळा काढीत.

कॅन्सस राज्यातील निकोडेमस या वसाहतीची हकीगत या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांनी १८७७ साली केंटकी राज्यातून येऊन ती वसविली. केंटकी हा झाडीचा व पावसाचा मुलूख. तेथून शरद ऋतूत शेकडो माणसे उघड्या माळावर येऊन पोचली, तेव्हा पेरणीचा काळ टळून गेला होता. घरे म्हणून जमिनीत खोदलेल्या खोल्या, आणि जमिनीतून वर येणारा धूर हीच वस्तीची खूण. जनावरे व अवजारे अगदी थोडी. कित्येकांनी फावडे व कुदळ यांनीच पहिली जमीन मोडली. काही कुटुंबे पाहताक्षणीच परत फिरली. जी राहिली त्यांनी पुढे शाळा, दुकाने व चर्चे असलेले गाव उभे केले. १८८८ साली रेल्वेमार्ग दुसरीकडून गेल्याने त्या गावाची वाढ खुंटली. सुपीक जमीन आणि निर्धार असूनही बाजारपेठेची वाट चुकली की काय होते, याचे ते उदाहरण होय.

सरपण, पाणी व कुंपण

माळावरील गृहिणीची दुसरी अडचण सरपणाची. रानगव्यांचे वाळलेले शेण गोणीत गोळा करून आणणे हे मुलाबाळांचे नित्याचे काम झाले. रानगवे संपल्यावर गाईगुरांच्या शेणावर भागवू लागले. पूर्वेकडून आलेल्या स्त्रियांना प्रथम या सरपणाची शिसारी येई. हातात चिंधी धरल्याशिवाय त्या त्यास शिवत नसत. रशियातून आलेल्या जर्मन शेतकरी स्त्रियांना मात्र यात काहीच नवे नव्हते. युक्रेनच्या माळावर त्यांच्या आज्याही हेच करीत. शेण व काड एकत्र तुडवून, विटांसारखे तुकडे कापून ते उन्हात वाळविण्याची त्यांची रीत गोवऱ्या थापणाऱ्या कोणाही स्त्रीस तात्काळ उमगावी. ज्यांच्याकडे शेणही नसे ते गवताचे पीळ घालून जाळीत. असे पीळ लवकर जळून जात, म्हणून हिवाळ्यात एक माणूस जवळजवळ त्याच कामास बांधलेला असे. मक्याच्या बुरकुंड्याही चुलीत जात.

तिसरी अडचण पाण्याची. नदीखोऱ्यात वीस-तीस फुटांवर पाणी लागे, तर उंच सपाटीवर दोनशे फूट खोदूनही विहीर कोरडी निघे. एकाच तालुक्याएवढ्या प्रदेशात हा फरक. विहीर हाताने खोदावयाची, माती बादलीने वर ओढावयाची, आणि दरड कोसळून किंवा आतील दूषित हवेने माणूस दगावण्याचा धोका पत्करावयाचा. विहीर लागली नाही तर मैलोगणती दुरून पिपांत भरून पाणी आणावे लागे. अशा पाण्याचा प्रत्येक थेंब तीन-तीन कामांस पुरवीत: आधी भांडी, मग फरशी, शेवटी भाजी किंवा डुकरे. खोल पाणी उपसण्याचे काम अखेरीस वाऱ्याने केले. डॅनियल हॅलडे याने १८५४ साली अशी पवनचक्की बनविली की वारा फिरेल तसे तिचे तोंड आपोआप फिरे व वारा फार वाढला तर तिची गती आपोआप आवरली जाई. ज्या वाऱ्याने माणसांस हैराण केले, तोच वारा पुढे माळावरील बिनमजुरीचा मोटकरी झाला.

कुंपणाची अडचण लहान वाटते. परंतु तिच्यावाचून पीक घरात येत नव्हते. पूर्वेस ओंडके चिरून आडव्या दांड्यांचे कुंपण करीत. माळावर मातीचे बांध घालून पाहिले, काटेरी झाडांची लागवड करून पाहिली. त्यास वर्षे लागत. जोसेफ ग्लिडन या इलिनॉयमधील शेतकऱ्याने १८७४ साली काटेरी तारेचे एकस्व मिळविले आणि काही वर्षांतच ती माळभर पसरली. चराईवाल्यांचे व पेरणीवाल्यांचे त्यावरून ठिकठिकाणी तंटेही झाले.

शेजार व जेवणखाण

महाराष्ट्रात शेतकरी गावठाणात राहतो व शेतावर जातो. होमस्टेडच्या कायद्यात मात्र प्रत्येकाने आपापल्या जमिनीवरच राहिले पाहिजे अशी अट असल्याने घरे अर्ध्या-अर्ध्या मैलावर विखुरली गेली. रशियातून १८७४ साली कॅन्ससमध्ये आलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांना हे रुचले नाही. त्यांनी ग्नाडेनाउ येथे जुन्या सवयीप्रमाणे एका रस्त्याच्या दुतर्फा घरे व मागे लांब पट्ट्यांची शेते असे गाव वसविले. पण सनद व्यक्तीच्या नावे, मोजणी चौकोनाची आणि कर ज्याचा त्याने भरावयाचा. काही वर्षांतच ते गावही विखुरले. अन्य ठिकाणी चार शेजाऱ्यांनी आपापली घरे चार चौकोन जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर बांधून सोबतही साधली आणि कायदाही पाळला. ही शक्कल साधी असली तरी तीमुळे अनेक कुटुंबांचा एकाकीपणा टळला.

एकाकीपणा हे काही नाजूक मनाचे लक्षण नव्हते. हिमवादळात घरापासून गोठ्यापर्यंत जाताना माणूस वाट चुके, म्हणून मध्ये दोर बांधून ठेवीत. १२ जानेवारी १८८८ रोजी नेब्रास्का व डाकोटात सकाळची हवा उबदार असताना अकस्मात वादळ आले. त्यात दोनशेहून अधिक माणसे, आणि त्यांत शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुले, मृत्यू पावली. बाळंतपण, आजार, मळणी, घराची उभारणी या सर्व प्रसंगी शेजाऱ्यावाचून गत्यंतर नव्हते. मळणीच्या वेळी आठ-दहा घरे मिळून एकेकाचे खळे आटोपीत. कोकणात व देशावर ज्यास सावड किंवा इर्जिक म्हणतात, त्याचाच हा प्रकार. त्या दिवशीच्या जेवणावळीचा भार अर्थात घरच्या स्त्रीवर पडे.

जेवणही मुलखाप्रमाणे बदले. पूर्व नेब्रास्का व आयोवात मका उत्तम येई, म्हणून मक्याची भाकर, मक्याची पेज व मक्यावर पोसलेल्या डुकराचे मांस हाच वर्षभराचा आहार. साखर महाग म्हणून अनेक कुटुंबे गोड धाटाची ज्वारी लावून तिच्या रसाची काकवी करीत. कॉफी परवडत नसे तेव्हा राय किंवा गहू भाजून त्याचा काढा घेत. पश्चिमेस जसजसे जावे तसतसा मका दगा देई, आणि ताटातील पदार्थ व शेतातील पीक ही दोन्ही बदलावी लागत. हा बदल जो शेतकरी वेळेवर करी त्याचे निभावे. पूर्वेकडच्या सवयीने जो मकाच पेरीत राही, तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी गाडी जुंपून परत निघे.

याबाबतीत मेनोनाइट शेतकऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांनी येताना आपल्या मुलखातील ‘टर्की रेड’ जातीचा कठीण दाण्याचा लाल गहू आणला. शरदात पेरावयाचा, बर्फाखाली हिवाळा काढावयाचा आणि उन्हाळ्याचा कडाका वाढण्यापूर्वी कापून घ्यावयाचा, अशी त्याची रीत. पूर्वेकडील मऊ दाण्याचे गहू कॅन्ससच्या थंडीने व उन्हाने मरत असता हा टिकला. प्रथम गिरणीवाले तो घेईनात, कारण त्यांच्या जात्यांना तो दळवत नव्हता. लोखंडी रुळांच्या गिरण्या आल्यावर त्यास मागणी आली. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याचे मार्क कार्लटन हे स्वतः रशियाच्या कोरड्या माळांवर हिंडले आणि तेथून आणखी गव्हाच्या जाती घेऊन आले. बी आणावयाचे ते प्रगत भागातून नव्हे, तर आपल्यासारखे पाऊसमान असलेल्या भागातून, हे तत्त्व त्या खात्याने मान्य केले ते निरक्षर ठरविलेल्या परदेशी कुणब्यांचे पीक पाहिल्यावर.

पावसाची रेघ

डाकोटापासून टेक्सासपर्यंत माळाच्या मधोमध १०० अंश पश्चिम रेखावृत्त जाते. स्थूलमानाने या रेघेच्या पश्चिमेस वर्षाला २० इंच, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटर, याहून कमी पाऊस पडतो. तेवढाच पाऊस उत्तरेच्या थंड डाकोटात अधिक उपयोगी पडतो व दक्षिणेच्या तापलेल्या टेक्सासमध्ये कमी, कारण बाष्पीभवनात फरक आहे. म्हणजे केवळ इंचांचा आकडा पाहूनही भागत नाही. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने कोरड्या प्रदेशाची पाहणी करून १८७८ साली सरकारला अहवाल दिला. १६० एकरांचा चौकोन येथे निरर्थक आहे. जेथे पाणी देता येईल तेथे ८० एकर पुरेत, आणि जेथे केवळ चराई शक्य आहे तेथे एका कुटुंबास २,५६० एकर लागतील. जमिनीची आखणी सरळ रेघांनी न करता पाण्याच्या सोयीप्रमाणे करावी, असे त्याने सुचविले. कायदेमंडळाने ते मानले नाही.

न मानण्याचे कारण असे की, १८८० नंतरची काही वर्षे पावसाची गेली. जमीन नांगरली म्हणजे तिच्यामागोमाग पाऊस येतो, असा सिद्धांत काही विद्वानांनी मांडला आणि जमीन विकणाऱ्यांनी तो आनंदाने पसरविला. त्यापूर्वी १८७४ साली टोळधाडीने पिके, भाजीपाला, इतकेच नव्हे तर बागेवर झाकलेली कापडेही खाऊन टाकली होती. ते संकट लोक विसरले. १८७३ च्या कायद्याने ४० एकर झाडे लावील त्यास १६० एकर जमीन देऊ केली. कोरड्या माळावर ती झाडे बहुतांशी जगली नाहीत व १८९१ साली तो कायदा रद्द करावा लागला. १८८७ पासून अवर्षणाची वर्षे सुरू झाली. पश्चिम कॅन्सस व पश्चिम नेब्रास्कातून कुटुंबांमागून कुटुंबे परत फिरली. चार-पाच चांगल्या वर्षांवरून एखाद्या भागाचे पाऊसमान ठरविणे किती महाग पडते, हे त्या ओस घरांनी दाखवून दिले.

कायद्यात बदल झाला तो यानंतर. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत १९०४ साली ६४० एकर देण्यात येऊ लागले. १९०९ साली कोरडवाहू भागात ३२० एकरांची मर्यादा झाली. १९१२ साली पाच वर्षांची अट तीनवर आली. १९१६ साली चराईसाठी ६४० एकर देण्याचे ठरले. पॉवेलच्या आकड्यापर्यंत कायदा कधीच पोचला नाही.

आणखी एक विसंगती येथे नोंदविण्यासारखी आहे. ज्या १८६२ साली जमीनवाटपाचा कायदा झाला, त्याच वर्षी त्या देशात कृषी खाते निघाले व कृषी महाविद्यालयांना जमिनी देण्याचा कायदाही झाला. परंतु खेडोपाडी जाऊन शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहून सल्ला देणारा विस्तार कार्यकर्ता देशभर नेमण्याची तरतूद झाली ती १९१४ साली. म्हणजे जमीन आधी दिली गेली, आणि ती कशी कसावी हे सांगणारा मनुष्य बावन्न वर्षांनी आला. मधल्या काळातील सर्व प्रयोग वसाहतकऱ्यांनी स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन केले.

ओल आणि धूळ

त्या प्रयोगांतील सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ओल साठविण्याचा. एक वर्ष जमीन पडीक ठेवून, तण काढून, त्या वर्षाच्या पावसाची ओल पुढील वर्षाच्या गव्हास द्यावयाची, अशी पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रात सोलापूरकडील भारी काळ्या रानात खरिपात पीक न घेता कुळवाच्या पाळ्या देऊन रब्बी ज्वारीसाठी ओल धरून ठेवतात, त्यामागील विचार हाच आहे. १९३३ साली सोलापूर येथे सुरू झालेल्या कोरडवाहू शेती संशोधनाचाही तोच विषय होता. अमेरिकेत हार्डी कॅम्पबेल नावाच्या शेतकऱ्याने या पद्धतीचा मोठा प्रचार केला. प्रत्येक पावसानंतर वरची माती बारीक करून ठेवावी, म्हणजे खालची ओल उडत नाही, असे त्याचे सांगणे होते. थोड्या क्षेत्रावर व शांत हवेत ते ठीक होते. परंतु माळ वाऱ्याचा. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, ट्रॅक्टर आले आणि जे गवत कधीच मोडावयास नको होते तेही लाखो एकरांवर मोडले गेले. बारीक केलेली उघडी माती व वारा यांची गाठ १९३० नंतरच्या दुष्काळात पडली.

१४ एप्रिल १९३५ रोजी उठलेल्या धुळीच्या वादळाने दक्षिण माळावर भरदिवसा अंधार केला. त्याच महिन्याच्या २७ तारखेस मृद्‌संधारणाचा कायदा झाला आणि ह्यू बेनेट यांच्या नेतृत्वाखाली त्याचे स्वतंत्र खाते उभे राहिले. समपातळीत नांगरट, उंच व ठेंगण्या पिकांचे आलटून पालटून पट्टे, धसकटे न जाळता रानातच ठेवणे, अशा गोष्टी शेतकऱ्यांच्याच शेतावर करून दाखविण्यात आल्या. १९३४ ते १९४२ या काळात उत्तर डाकोटापासून टेक्सासपर्यंत वाऱ्यास आडवे असे झाडांचे पट्टे लावण्यात आले. त्यांत २० कोटींहून अधिक झाडे होती. १८७३ च्या कायद्याखालील झाडे मेली व यांतील पुष्कळशी जगली, कारण या वेळी त्या त्या भागाच्या पावसास व थंडीस सोसतील अशा जाती निवडलेल्या होत्या आणि पहिली काही वर्षे त्यांची मशागत करण्यात आली.

होमस्टेडचा कायदा १९७६ साली रद्द झाला. अलास्का राज्यात तो आणखी दहा वर्षे चालू राहिला. त्यापूर्वीच, १९३० च्या दशकात, सरकारने कोरड्या माळावरील ओसाड झालेली होमस्टेडची पुष्कळशी जमीन परत विकत घेतली, तिच्यात गवताचे बी पेरले आणि ठरलेल्या संख्येनेच जनावरे सोडण्याच्या अटीवर ती शेजारच्या पशुपालकांना चराईस देण्यास सुरुवात केली. कॅन्ससमधील सिमरॉन, नेब्रास्कातील ओग्लाला आणि दक्षिण डाकोटातील बफेलो गॅप ही राष्ट्रीय गवताळ राने अशाच जमिनीची आहेत. त्यांत मधूनमधून मोडकी पवनचक्की, बुजलेली विहीर किंवा पूर्वीच्या घराचा मातीचा उंचवटा आजही आढळतो, आणि १६० एकरांच्या जुन्या हद्दींवरून गवत सलग वाढलेले दिसते.